खालचा आकडा

वरचा आकडा सगळेच विचारतात.
स्नेहलतागंजच्या कोपऱ्यावर पोहे खाताना
भिया लोक पत्ते टाकावेत तसे टाकतात:
माझा एकशेसाठ.
माझा, परवा, एकशेसत्तर.
जिरावण जरा सढळ हातानं टाक रे.
खालचा कुणी सांगत नाही.
मलाही डॉक्टर शिरपूरकरांनी दोनदा सांगितला
तेव्हा ऐकू आला:
अठ्ठ्याण्णव.

त्यांच्याकडे अजून पाऱ्याचं जुनं यंत्र आहे.
दंडाला पट्टा, रबरी फुग्याची फुसफुस,
मग पारा उतरायला लागतो, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
"आवाज सुरू होतो तो वरचा," ते म्हणाले,
"आवाज बंद होतो तो खालचा."
आणि नळ्या माझ्याच कानांत घातल्या.
ठक्. ठक्. ठक्.
मग मऊ,
मग ओल्या मातीत पाऊल पडावं तसं,
मग काही नाही.
जिथे काही नाही, तिथे अठ्ठ्याण्णव.

आता मला कुणी दाब शिकवावा!
एकतीस वर्षं नगर निगमच्या लाइनीवर वॉल्व्हमन होतो.
नर्मदेचं पाणी जलूदहून घाट चढून येतं इथे.
पंप ढकलतो तेव्हा गेजचा काटा चढतो,
हे ठेकेदाराच्या पोरालाही दिसतं.
जुना माणूस बघतो
पंप थांबल्यावर काटा कुठे टेकतो ते.
अगदीच खाली गेला
तर फुटक्या सांध्यातून गटार आत शिरतं;
तो वास मी नाकानं ओळखलाय.
आणि उतरलाच नाही
तर पुढे कुठेतरी पाइप आकसलाय,
गंज धरलाय, चुना बसलाय,
नाहीतर कुणीतरी चावी अर्धी फिरवून
चहाला निघून गेलंय.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "पण आणखी एक.
सगळ्या अंगाला रक्त पाठवताना
हृदयाच्या स्वतःच्या नळ्या आवळलेल्या असतात.
दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं ना,
तेव्हा भरून घेतं स्वतःपुरतं."

यावर मी काही बोललो नाही.
गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

आमचं घर जुनी इंदूरला, चढावर,
लाइनीच्या अगदी शेपटाला.
साडेतीनला मी चावी फिरवायचो,
खालच्या मोहल्ल्यांच्या टाक्या भरून वाहायच्या,
आणि नलू
(लोक हसायचे, वॉल्व्हमनची बायको नलू)
बादल्या मांडून बसायची
करंगळीएवढ्या धारेसाठी.
एकदा म्हणाली, अर्धा फेरा इकडे फिरवा की.
नाही फिरवला.
प्रामाणिकपणा, म्हणायचो मी त्याला.
होताही.
पण ती किती वाजेपर्यंत बसून राहायची,
ते मला आजतागायत माहीत नाही.

आता वही तिच्याकडे असते.
सेवचा डबा कुठे लपवलाय, तेही तिलाच ठाऊक.
सकाळी सातला यंत्र लावते,
पाय जमिनीवर, बोलायचं नाही, पाच मिनिटं नुसतं बसायचं,
आणि खालचा आकडा आधी लिहिते,
वरचा मागून, जागा उरली तर.
शहाण्णव. शहाण्णव. चौऱ्याण्णव.
काल पुन्हा सत्त्याण्णव, कारण पुतण्याचा फोन आला होता,
प्लॉटचं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली,
तरी साडेतीनला डोळा उघडतो.
हात चादरीवर आपोआप फिरतात,
डावीकडून उजवीकडे, लोखंडाची चावी धरल्यासारखे.
आज तिनं मनगट धरलं.
अर्धवट झोपेत म्हणाली,
"पंप बंद आहे. निजा."

पडून राहिलो.
जरा वेळानं मोरीतल्या बादलीत
पाण्याची धार वाजली.
दुसऱ्या कुणीतरी फिरवली असणार.
किती फेरे,
ते मी मोजलं नाही.